आकर्षणाचा नियम बदलला तर!

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १५ किलोमीटरांवर देवगिरीचा, म्हणजेच दौलताबादचा किल्ला आहे. त्याच्या बुरुजावर एक प्रचंड तोफ असून तिला मेंढा तोफ असे म्हणतात. या तोफेतून आडवा सोडलेला गोळा काही अंतर जाऊन जमिनीवर पडेल. तो अधिक वेगाने सोडला तर अधिक दूर जाऊन पडेल. परंतु वेग वाढवीतच नेला तर शेवटी काय होईल?

हाच प्रश्न इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ आयझॅक न्यूटन याने स्वतःला विचारला होता. त्याने एका अतिशय उंच पर्वतावर तोफ ठेवल्याची कल्पना केली आणि हवेचा अडथळा क्षणभर बाजूस ठेवला. कोणतीही वस्तू सोडली असता ती पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येते. पृथ्वी गोल असल्यामुळे ७.९ किलोमीटर सरळ पुढे गेल्यास तिचा पृष्ठभागही तेवढाच, म्हणजे सुमारे ४.९ मीटर, खाली वळलेला असतो. म्हणून सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगाने निघालेला गोळा पडत राहील, परंतु जमिनीला कधीच टेकणार नाही. तो पृथ्वीभोवती फिरत राहील. चंद्राचे फिरणे हेही असेच एक अखंड पडणे आहे.

पृथ्वी आपल्या शक्तीने जड वस्तूंना स्वतःकडे ओढते, हा विचार आपल्याकडेही जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथात तो स्पष्टपणे मांडला आहे. कन्नडचा घाट उतरून खानदेशात गेले की चाळीसगाव तालुक्यात पाटण हे गाव लागते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख तेथे आहे. पृथ्वीची ही ओढ अंतर वाढेल तशी किती कमी होते, याचा हिशेब मात्र पुढे न्यूटनने केला आणि १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात तो प्रसिद्ध केला.

न्यूटनची रीत सोपी होती. पृथ्वीच्या केंद्रापासून तिचा पृष्ठभाग जितका दूर आहे, त्याच्या सुमारे ६० पट चंद्र दूर आहे. जमिनीजवळची वस्तू सेकंदात ४.९ मीटर पडते. चंद्र मात्र एका सेकंदात सरळ रेषेपासून जेमतेम १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे वळतो. या दोन आकड्यांचे प्रमाण जवळजवळ ३,६०० येते, आणि ६० गुणिले ६० म्हणजेच ३,६००. यावरून असे दिसले की अंतर दुप्पट झाले तर ओढ चौथा हिस्सा उरते, तिप्पट झाले तर नववा हिस्सा उरते. यालाच व्यस्त वर्गाचा नियम म्हणतात.

आता एक चमत्कारिक प्रश्न मनात येतो. निसर्गाने हाच नियम का पाळावा? ओढ अंतराच्या वर्गाने न घटता नुसत्या अंतराने घटली असती तर? किंवा घनाने घटली असती तर? खऱ्या सूर्यमालेत हा प्रयोग करता येणे शक्य नाही. परंतु संगणकावर एक खोटी सूर्यमाला रचून तिच्यात हवा तो नियम घालता येतो. अशा आज्ञावलीस कक्षांचा सिम्युलेटर म्हणतात.

सिम्युलेटरचे काम वाटते तितके गूढ नाही. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असून सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. संगणक प्रथम ग्रहाचे स्थान आणि वेग लक्षात घेतो. मग त्या अंतरावर सूर्याची ओढ किती, हे दिलेल्या नियमावरून काढतो. त्या ओढीने वेग थोडा बदलतो, आणि बदललेल्या वेगाने ग्रह एक लहानसे पाऊल पुढे टाकतो. नव्या ठिकाणी हाच हिशेब पुन्हा होतो. अशी हजारो पावले जोडली की ग्रहाची वाट पडद्यावर उमटते. धीर असेल तर आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनेही हे करता येईल.

येथे एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी लागते. पावले फार लांब घेतली तर हिशेबात चूक साचत जाते आणि ग्रह भलतीकडेच भरकटतो. तो दोष नियमाचा नसून पावलांचा असतो. म्हणून शहाणा प्रयोगकर्ता आधी खरा नियम घालून पाहतो. पृथ्वी एका वर्षाने आपल्या मूळ जागी परत आली तरच तो नवा नियम घालावयास घेतो. ज्या काट्यावर ओळखीचे वजन बरोबर उतरत नाही, त्यावर अनोळखी वस्तू तोलण्यात अर्थ नसतो.

आता पहिला निराळा नियम घेऊ. ओढ नुसत्या अंतराने घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की ओढ निम्मी होते, असे समजू. ग्रह सूर्याभोवती फिरत राहतो खरा, परंतु त्याची वाट बंद होत नाही. सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याची त्याची जागा दर फेरीला सरकते, आणि पडद्यावर पाकळ्यांच्या रांगोळीसारखी नक्षी उमटते. या जगात वर्तुळाकार फिरणारे सर्व ग्रह, जवळचे असोत की दूरचे, एकाच वेगाने धावतात. पृथ्वीच्या ३० पट दूर असलेल्या नेपच्यूनला खऱ्या जगात एका फेरीस सुमारे १६५ वर्षे लागतात. येथे ३० वर्षे पुरतात. आणखी एक गोष्ट अशी की कितीही वेगाने सोडलेले यान शेवटी मागे ओढले जाते. या जगातून कोणाचीच सुटका नाही.

दुसरा नियम याच्या उलट आहे. अंतर वाढेल तशी ओढ वाढते, ताणलेल्या स्प्रिंगसारखी. येथे वाट लंबवर्तुळाकारच असते, परंतु सूर्य तिच्या एका नाभीवर न राहता बरोबर मध्यभागी येतो. सर्व ग्रहांचे वर्षही सारखेच होते. पृथ्वी आणि नेपच्यून एकाच वेळी फेरी पूर्ण करतात. हे जग मोठे सुबक दिसते. परंतु त्यात दूरच्या ताऱ्यांची ओढ जवळच्या सूर्याहून जबरदस्त ठरली असती, ही अडचण विसरून चालणार नाही.

तिसरा नियम सर्वांत भयंकर आहे. ओढ अंतराच्या घनाने घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की ओढ आठवा हिस्सा उरते. अचूक वेग दिला तर ग्रह वर्तुळात फिरतो. परंतु तो वेग किंचित कमी झाला, तर ग्रह चक्राकार वाटेने सूर्यात जाऊन पडतो. किंचित जास्त झाला, तर कायमचा दूर निघून जातो. वाटीत ठेवलेली गोटी ढकलली तरी पुन्हा तळाशी येते, उपड्या वाटीवर ठेवलेली गोटी घरंगळते. तसाच हा भेद आहे. अशा जगात गुरूच्या क्षीण ओढीनेसुद्धा पृथ्वीची वाट मोडली असती. मग ऋतूंचे चक्र कोठले आणि पेरणीचा हंगाम तरी कोठला?

१८७३ साली फ्रान्समधील गणिती जोसेफ बर्त्राँ याने एक सुंदर गोष्ट सिद्ध केली. ज्यांत बांधलेला प्रत्येक ग्रह आपल्या मूळ वाटेवर अचूक परत येतो, असे नियम फक्त दोन आहेत: एक व्यस्त वर्गाचा आणि दुसरा ताणलेल्या स्प्रिंगचा. व्यस्त वर्गाचे कारण दिव्याच्या उदाहरणाने समजते. दिव्याचा प्रकाश चोहीकडे पसरतो. अंतर दुप्पट झाले की तोच प्रकाश चौपट पृष्ठभागावर वाटला जातो, म्हणून तो चौथा हिस्सा दिसतो. लांबी, रुंदी आणि उंची असलेल्या अवकाशात ओढही तशीच विरळ होत जाते.

नियमात फेरफार करून पाहणे हा केवळ खेळ नव्हे. बुध ग्रहाची वाट हिशेबाशी तंतोतंत जुळत नाही, असे १८५९ साली फ्रान्सच्या ल व्हेर्ये याने दाखवून दिले. फरक किती? एका अंशाचे ३,६०० भाग केले तर त्यांतील सुमारे ४३ भाग, आणि तेही एका शतकात! १८९४ साली अमेरिकेतील असाफ हॉल याने सुचविले की नियमातील घातांक २ नसून २.००००००१६ असावा. त्याने बुध जुळला. परंतु १९०३ साली अर्नेस्ट ब्राउन याने चंद्राच्या गतीचा सूक्ष्म हिशेब केला, तेव्हा चंद्र त्या नियमात बसेना. अखेर १९१५ साली आल्बर्ट आइन्स्टाइन याच्या नव्या सिद्धान्ताने बुधाचे कोडे सुटले.

या प्रश्नाच्या शोधात एका मराठी शास्त्रज्ञाचाही वाटा आहे. १९३८ साली कोल्हापूर येथे जन्मलेले जयंत नारळीकर यांनी १९६४ साली केंब्रिज येथे फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धान्त मांडला. प्रत्येक वस्तूचे वस्तुमान विश्वातील इतर सर्व वस्तूंच्या प्रभावातून उद्भवते, अशी त्यामागची कल्पना होती. पुढे त्यांनी त्याचे असेही एक रूप मांडले की ज्यात गुरुत्वाकर्षणाचे बळ काळाबरोबर हळूहळू घटते. ही कल्पना पारखण्याचे साधन चंद्रावरच होते. १९६९ पासून तेथे ठेवलेल्या आरशांवर लेसरचे किरण पाठवून चंद्राचे अंतर अत्यंत बारकाईने मोजले जाते. गुरुत्वाकर्षणाच्या बळात काही बदल होत असलाच, तर तो दर वर्षी एक लक्ष कोटीव्या भागाहूनही कमी आहे, असे त्या मोजमापांवरून दिसून आले. नारळीकरांनी जन्मभर रूढ मतांना प्रश्न विचारले. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’ या संस्थेचे ते संस्थापक संचालक होते. २०२५ साली त्यांचे निधन झाले.

हा विषय अजून संपलेला नाही. दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेहून फार वेगाने फिरतात, असे व्हेरा रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. जवळचे व दूरचे तारे तेथे जवळजवळ एकाच वेगाने धावतात, अगदी वर सांगितलेल्या पहिल्या नियमातील ग्रहांसारखे! म्हणून १९८३ साली इस्राएलच्या मोर्देहाइ मिल्ग्रोम याने सुचविले की ओढ अतिशय क्षीण झाली म्हणजे आकर्षणाचा नियमच बदलत असावा. बहुतेक शास्त्रज्ञ मात्र नियम कायम ठेवून, तेथे न दिसणारे कृष्णद्रव्य असावे, असे मानतात. नियम बदलावा, की न दिसणारी वस्तू मानावी? बुधाच्या वेळी नियम बदलावा लागला. नेपच्यूनच्या वेळी उलट घडले होते. युरेनसची वाट चुकत होती, तेव्हा कोणी न पाहिलेला ग्रह मानून ल व्हेर्ये यानेच हिशेब केला, आणि १८४६ साली तो ग्रह खरोखरच सापडला. दीर्घिकांच्या बाबतीत काय ठरेल, याचा निकाल कोणाच्या मतावर नव्हे, तर आकाशातील ताऱ्यांच्या साक्षीवर लागणार आहे.