गिअर ऑइल: घसरण आणि पकड यांतील तडजोड

इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचताना गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, म्हणजे वळणावर आतल्या व बाहेरच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, या दोन टप्प्यांतून जाते. मात्र वंगणाकडून या दोहोंच्या अपेक्षा बऱ्याच अंशी परस्परविरोधी असतात, आणि वेगवान मोटारीसाठी तेल निवडण्यातली खरी अडचण हीच आहे.

डिफरन्शियलमधील क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चक्रे बहुधा हायपॉइड पद्धतीची, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्याच्या खाली ठेवलेली असतात. त्यामुळे शाफ्ट खाली नेता येतो, पण दाते एकमेकांवर नुसते न लोळता प्रचंड दाबाखाली लांबवर घासत जातात आणि तेलाचा थर तुटतो. अशा वेळी तेलातील गंधक व फॉस्फरसची संयुगे घर्षणाच्या उष्णतेने पोलादाशी अभिक्रिया करून एक पातळ थर तयार करतात, जो स्वतः झिजतो पण दात्यांना एकमेकांस चिकटू देत नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गीकरणातील जीएल-५ हा वर्ग अशाच कामासाठी आहे.

गिअरबॉक्सची गरज निराळी असते. तेथे सिंक्रोनायझरचे कडे, जे अनेकदा पितळेचे असते, गिअर गुंतण्याआधी घर्षणाने दोन भागांची गती सारखी करते. तेल फार निसरडे असेल तर कड्याची पकड सुटते व गिअर खरखरतो, शिवाय सक्रिय गंधक तापल्यावर तांब्याच्या मिश्रधातूंना खातो. म्हणून जीएल-४ मध्ये ही संयुगे कमी, ढोबळमानाने निम्मी असतात. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा म्हणून ते तेल सरस, हा समज येथे महागात पडू शकतो.

हा पेच सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो, कारण पुढचे हायपॉइड डिफरन्शियल त्याच आवरणात असून दोघांना एकच तेल पुरवावे लागते. कंपनी तेथे जीएल-५ मागते. दात्यांचे रक्षण आधी, गिअर बदलण्यातला गुळगुळीतपणा नंतर, हा तिचा क्रम योग्यच म्हटला पाहिजे. तेथे जीएल-४ ओतणारा मालक सुलभ गिअरच्या मोबदल्यात डिफरन्शियल पणाला लावतो.

श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, हा दुसरा प्रश्न. ७५डब्ल्यू-९० या तेलाच्या क्रमांकातील पहिला आकडा थंडीतला, उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंतचा प्रवाहीपणा सांगतो. ९० म्हणजे १०० अंशांना १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स, जे इंजिन ऑइलच्या ४० ते ५० क्रमांकांच्या आसपास येते, कारण दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. महाराष्ट्राच्या हवेत दुसरा आकडाच निर्णायक. शर्यतीच्या ट्रॅकवर तेल फार तापत असेल तर डिफरन्शियलसाठी १४० चा विचार करता येतो, पण दाट तेल घुसळण्यात शक्ती खर्च होते. क्लचपट्ट्यांच्या लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलला, म्हणजे एका चाकाला मोकळे घसरू न देणाऱ्या प्रकाराला, घर्षण-नियंत्रक द्रव्यही लागते. ते कमी पडल्यास पट्ट्या थरथरतात, जास्त झाल्यास पकडच ढिली होते.

जुने तेल काढताना चुंबकी बोल्टवर बारीक करडा लेप असणे स्वाभाविक आहे, टोकदार कपचे मात्र दाते तुटल्याची खूण असतात. पितळेचा चुरा चुंबकाला चिकटत नसल्याने सिंक्रोनायझरची झीज बोल्टवर न शोधता तेलातल्या सोनेरी चमकीत शोधावी लागते.