लाजाळूच्या गुणाचे रसायन

लाजाळूचे पान स्पर्श होताच मिटते. लांब साखळीसारख्या रेणूंच्या काही पदार्थांच्या, म्हणजेच बहुवारिकांच्या, अंगीही असाच गुण असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पदार्थांचा अभ्यास केला. यांतील एक बहुवारिक ३२ अंश सेल्सियसखाली पाणी शोषून फुगते, त्यावर आकसते. त्याचा लेप दिलेल्या बशीत ३७ अंशांवर पेशी वाढतात. बशी २० अंशांपर्यंत निववली, की लेप फुगतो आणि पेशींचा पापुद्रा अखंड सुटतो. जपानमध्ये चार रुग्णांच्या तोंडातील पेशींपासून केलेले असे पापुद्रे त्यांच्याच डोळ्यांवर टाक्यांवाचून बसवले गेले. धूसर पारपटल स्वच्छ झाले, दृष्टी सुधारली. त्यासाठी दुसऱ्याचा डोळा लागला नाही, हेच या शोधाचे मोल होय.