बंदर आपले, जहाजे कोणाची?

शीव-पनवेल हमरस्त्याच्या कडेस वसलेल्या बेलपाडा गावाजवळ घटकाभर उभे राहावे, म्हणजे जागतिक व्यापाराचे दर्शन घेण्यासाठी विलायतेस जाण्याचे कारण उरत नाही. लोखंडी पेट्या लादलेले ट्रक एकामागून एक जात असतात. त्या पेट्यांवरील नावे वाचावीत: मर्स्क, ती डेन्मार्कची, एम.एस.सी., ती जिनिव्हाची. हापाग-लॉइड, ती हँबुर्गची. स्वदेशी कंपनीचे नाव दिसण्यास बराच वेळ तिष्ठावे लागते.

न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. २०२४-२५ या वर्षी तेथून वीस फुटी मापाच्या ७० लाखांहून अधिक पेट्यांची उलाढाल झाली. एवढे मोठे बंदर आपल्या उंबरठ्याशी असल्याचा अभिमान पनवेल-उरणच्या कोणा व्यापाऱ्यास वाटणार नाही? परंतु धक्के चालविणाऱ्यांत दुबई, सिंगापूर व डेन्मार्क येथील कंपन्या प्रमुख आहेत, आणि धक्क्यास लागणारी जहाजे तर बहुतांशी परक्यांचीच. पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगर येथे जाहीरपणे सांगितले की, देश दरसाल सुमारे ६ लाख कोटी रुपये परदेशी जहाज कंपन्यांस भाड्यापोटी देतो. पन्नास वर्षांपूर्वी आपला ४० टक्क्यांहून अधिक व्यापार स्वदेशी जहाजांतून होत असे, तो आता ५ टक्क्यांवर आला आहे. सरकारनेच दिलेली ही कबुली असल्यामुळे तिजवर निराळा पुरावा देण्याची आम्हांस गरज वाटत नाही.

वाहतुकीची वाट दुसऱ्याच्या मर्जीवर असली म्हणजे काय होते, हे पनवेलकरांस तरी परक्याने शिकवावयास नको. १८३० साली बोरघाटातून गाड्यांचा रस्ता झाला, तेव्हा मुंबईचा उतारू मचव्यातून पनवेलच्या बंदरात उतरे व तेथून पुण्याची वाट धरी. या गावच्या गाड्यांच्या चाकांची ख्याती होती. पुढे १८६३ साली आगगाडी घाट चढली, ती कल्याण-कर्जतवरून. पनवेलला कोणी विचारले नाही. बंदर होते तेथेच राहिले. व्यापार मात्र रुळांबरोबर निघून गेला.

तोच प्रकार अलीकडे खंडाखंडांमधील मार्गावर घडला. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई युरोपच्या निकट आली. परंतु नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनमधील हूथी जहाजांवर हल्ले करू लागले, तेव्हा बड्या कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून नेण्याचे ठरविले. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला, भाडी काही आठवड्यांतच दुपटीच्या वर गेली. निर्णय युरोपात झाला; भुर्दंड येथील निर्यातदाराने भरला.

यावर कोणी म्हणेल, स्वदेशी जहाज असते तर त्याला तरी वळसा कोठे चुकला असता? आक्षेप बिनतोड आहे. चुकला नसता. पण वाढीव भाडे तरी देशात राहिले असते, आणि टंचाईत कोणत्या मालास प्रथम जागा द्यावी हे ठरविताना आपल्या व्यापाऱ्याचा शब्द ऐकणारे कोणी असते. भारतापासून आखाती देश व इस्रायलमार्गे युरोपपर्यंत जाणाऱ्या ज्या नव्या मार्गाचा करार सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत झाला, त्याचाही पहिला टप्पा समुद्रातूनच आहे. तेथेही जहाज लागणारच.

हा प्रश्न आजचा नव्हे. सोलापूरचे वालचंद हिराचंद व त्यांचे सहकारी यांनी १९१९ साली सिंधिया कंपनी काढली आणि ५ एप्रिल रोजी ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला रवाना केले. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला जेरीस आणले, आणि १९२३ च्या तहाने तिला दूरच्या समुद्रावरचा हक्क सोडून किनाऱ्यापुरते राहणे भाग पडले. ५ एप्रिल हा आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून आपण पाळतो. पाळावा, पण ‘लॉयल्टी’ने गाठलेल्या लंडनला आज आपला माल कोणाच्या जहाजातून जातो, हेही त्या दिवशी विचारावे.

आता थोडे वकिली बोलणे. आमचे बहुतेक निर्यातदार माल ‘एफ.ओ.बी.’ अटीवर विकतात, म्हणजे जहाज ठरविण्याचा अधिकार परदेशी ग्राहकास देतात. आयातदार ‘सी.आय.एफ.’ अटीवर घेतात, म्हणजे तोच अधिकार परदेशी विक्रेत्यास देतात. जाताना तो ठरवितो, येतानाही तोच! करारनाम्यातील ही तीन अक्षरे डोळे मिटून मान्य करण्याची सवय आमच्या पेढ्यांस जडली आहे. विकताना ‘सी.आय.एफ.’ व घेताना ‘एफ.ओ.बी.’ हा आग्रह एकट्याने धरल्यास गिऱ्हाईक जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच तो एकेका धंद्यातील व्यापारी मंडळांनी एकत्र धरावयास हवा.

सरकारने १८५६ चा जहाजी भरणपत्रांचा कायदा २०२५ साली बदलला, हे बरे केले; १६९ वर्षांच्या म्हाताऱ्यास पेन्शन मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणीसाठी सुमारे ७० हजार कोटी रुपयांची योजनाही मंजूर झाली. मात्र गोदी बांधली म्हणजे तीतून निघालेल्या जहाजास भरणा मिळेलच असे नाही. सरकारी व सार्वजनिक कंपन्यांच्या मालाचा ठराविक हिस्सा स्वदेशी जहाजांस बांधून द्यावा, आणि तो दरसाल किती गेला याचा हिशेब लोकसभेपुढे मांडावा, एवढी आमची मागणी आहे.

या हिशेबावर येथील गावांचा हक्क इतरांहून अधिक आहे. नव्या मुंबईसाठी पंचाण्णव गावांची जमीन घेण्यात आली. तिचा रास्त मोबदला मागताना जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पाच जणांनी गोळ्या झेलून प्राण दिले. त्या गावांच्या मुलांस आज ट्रकचे चाक हाती धरण्याचे काम मिळते, तेही बंदराच्या फाटकापर्यंत. फाटकापलीकडे जहाजाच्या सुकाणूशी त्यांना उभे करणारी शिक्षणाची सोय व शिष्यवृत्ती या तालुक्यासाठी किती आहे, याचे उत्तर बंदराच्या कारभाऱ्यांनी द्यावे.