रुग्णसेवेची वाट (लेखांक 5) : सलाइनच्या थेंबातलं विज्ञान

मागच्या लेखांकात नर्सिंगच्या प्रवेशाचे मार्ग पाहिले. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतंच. जीएनएम या पदविकेला मात्र कला शाखेची मुलगीही बसू शकते. प्रवेशापुरती ही सोय चांगली आहे, पण खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. जीएनएमच्या पहिल्याच वर्षी 'बायोसायन्सेस' समोर येतं, म्हणजे शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र. दोन वर्षं इतिहास-राज्यशास्त्र वाचून आलेल्या मुलीने दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक हातात धरलेलं नसतं. बी.एस्सी.वाल्याही यातून सुटत नाहीत. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या सुधारित अभ्यासक्रमात पहिल्या सत्रात अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, दुसऱ्यात बायोकेमिस्ट्री आणि तिसऱ्यात मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी, पॅथॉलॉजी अशी रांगच लागते.

चेंबूरच्या घाटला गावातून, लाल डोंगरातून, सिद्धार्थ कॉलनीतून नर्सिंग शिकायला कुणी कुर्ल्याला गाडी बदलून शीवच्या रुग्णालयात जाते, कुणी हार्बरने थेट सँडहर्स्ट रोडला उतरून जे.जे. गाठते. शाळा मराठी माध्यमाची असेल तर दहावीपर्यंतचं 'परासरण' इथे 'ऑस्मोसिस' होऊन भेटतं. मग 'सायन्स डोक्यावरून जातं' हे वाक्य पाठ होतं आणि मुलगी रट्टा मारू लागते. रट्ट्याने एखादा पेपर सुटतोही. वॉर्डात मात्र तो उपयोगी पडत नाही, कारण तिथे प्रश्न पुस्तकातल्या क्रमाने येत नाहीत.

म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करून पाहा. आधी खाटेजवळचं काम पाहायचं आणि मग त्यामागचं 'का' शोधायचं.

सलाइनच्या बाटलीवर 0.9 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ. हाच आकडा का? कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, कारण पातळ पडद्यातून पाणी जास्त क्षाराच्या बाजूला जातं. रक्तातल्या तांबड्या पेशीचंही तेच. शिरेत नुसतं शुद्ध पाणी गेलं तर ते पेशीत शिरतं आणि पेशी फुगून फुटतात. 0.9 टक्क्यांचं द्रावण रक्ताच्या बरोबरीचं असल्यामुळे पेशी जशाच्या तशा राहतात. मेंदूला सूज आलेली असेल तर डॉक्टर कधी मुद्दाम 3 टक्क्यांचं सलाइन देतात, ते पेशींतलं पाणी बाहेर ओढण्यासाठी. ऑस्मोसिसची व्याख्या न घोकताही ऑस्मोसिस समजलं.

आता गणित. 500 मिली सलाइन 4 तासांत द्यायचं आहे आणि सेटच्या पाकिटावर 1 मिली म्हणजे 20 थेंब असं छापलंय. एकूण थेंब 10,000, मिनिटं 240. भागाकार केला की मिनिटाला साधारण 42 थेंब. लहान मुलांसाठीचा मायक्रो सेट असेल तर 1 मिलीचे 60 थेंब होतात आणि उत्तर 125 येतं. तासाला जातंही 125 मिलीच. हा योगायोग नाही. तासाची मिनिटं 60 आणि मिलीचे थेंबही 60, म्हणून मायक्रो सेटमध्ये तासाचे मिली हेच मिनिटाचे थेंब. एवढं कळलं की सूत्र विसरलं तरी चालतं.

इन्सुलिनमध्ये अशी समज जीव वाचवते. आपल्याकडे 1 मिलीत 40 युनिट आणि 1 मिलीत 100 युनिट, अशी दोन तीव्रतांची इन्सुलिन मिळतात आणि त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या असतात. लाल टोपणाची 40ची, नारिंगी टोपणाची 100ची. 100चं इन्सुलिन चुकून 40च्या सिरिंजमध्ये 20च्या खुणेपर्यंत भरलं तर अर्धा मिली येतं, म्हणजे 20ऐवजी 50 युनिट. रुग्णाची साखर एकदम खाली जाऊ शकते. 'कॉन्सन्ट्रेशन' हा धडा कंटाळवाणा वाटत असेल तर या दोन सिरिंजा शेजारी ठेवून तो पुन्हा वाचावा.

रोजची सवय साधी आहे. वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे आज वॉर्डात काय केलं, उजवीकडे ते का केलं. उजवी बाजू कोरी राहिली की त्या रात्री पुस्तकातलं कोणतं पान उघडायचं ते आपोआप ठरतं. पोस्टिंग सुरू झालं नसेल तर प्रॅक्टिकल लॅबमधल्या कामाने सुरुवात करा. बॅक लागलेल्या विषयासाठीही हीच वही कामाला येते. व्याख्या, आकृत्या, इंग्रजी संज्ञा पाठ कराव्याच लागतील, पण कारण कळल्यावर केलेलं पाठांतर लवकर होतं आणि टिकतं.

जाता जाता एक प्रश्न. 500 मिलीऐवजी 1 लिटर आणि 4 तासांऐवजी 8 तास, सेट तोच 20 थेंबांचा. मिनिटाला किती थेंब? कागद-पेन न घेता सांगायचं. उत्तर पुढच्या आठवड्यात, पोटॅशियमवरच्या लेखांकात.