उंदरांनी थांबविलेला चित्रपट

जपानात १९५४ साली तोहो कंपनीने 'गोजिरा' काढला. त्यात राक्षसी प्राण्याचा वेष चढविलेला माणूस लहान नमुन्याचे शहर तुडवितो. १९६३ साली दाएई या दुसऱ्या कंपनीने निराळी युक्ती योजली. तशाच शहरात जिवंत उंदीर सोडावयाचे, म्हणजे पडद्यावर ते घराएवढे दिसतील. चित्रपटाचे नाव 'नेझुरा'. जपानीत 'नेझुमी' म्हणजे उंदीर.

पण उंदरांबरोबर पिसवाही आल्या. स्टुडिओच्या शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, आरोग्य खाते मध्ये पडले आणि चित्रपट अर्ध्यावर बंद झाला.

उंदीर आणि पिसू यांचे नाते आपल्या मुलखाला नवे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. तो उंदरावरची पिसू पसरविते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. मग दिवे धरणारा, नमुने बांधणारा कामगार त्या पिसवांत कशासाठी उभा करावयाचा?

काम थांबल्याने कंपनी काही बुडाली नाही. १९६५ साली तिने उडत्या कासवाचा 'गामेरा' काढला. तो चालला आणि त्याची पुढे मालिकाच झाली.

आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणले जातात. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबावा, अशी सोय मागातच असते. म्हणून कापड बिघडत नाही. धाग्यासाठी जी सोय परवडते, ती माग चालविणाऱ्या माणसासाठी का परवडू नये?