टक्क्यांत न बसणारा मार

सिव्हिलमध्ये दिव्यांग बोर्डाचा वार असला की सकाळी नऊलाच बाकं भरतात. कुबड्या, व्हीलचेअर, कानाची मशीन यांच्या गर्दीत डोक्याला मार लागलेला माणूस ओळखू येत नाही. तो रांगेत नीट उभा राहतो, नाव विचारलं तर सांगतो, डॉक्टरांना नमस्कारही घालतो. त्याच्याबरोबरची बाई मात्र पार थकलेली असते. हेड इंज्युरीतून वाचलेल्यांच्या घरच्यांना सरकारी कागद मिळवून द्यायचं काम मी करते, आणि पेशंट शोधायचा असला की आधी ती बाई शोधते.

अपघातानंतरच्या पहिल्या दिवसांसाठी सरकारकडे आता पैसा आहे. मे 2025 पासून केंद्राच्या कॅशलेस योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीवर सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच. ऑपरेशन होतं, टाके निघतात, माणूस घरी येतो, गावाला वाटतं वाचला एकदाचा. प्रश्न त्यानंतर सुरू होतो आणि तिथे योजनेचं नावच नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिले आहेत. पार्किन्सन आहे, हिमोफिलिया आहे, ॲसिड हल्ला आहे; अपघातात मेंदूला झालेली इजा असा वेगळा प्रकार नाही. मग आम्ही जागा शोधतो. हात किंवा पाय लुळा असेल तर चलनवलन, बोलणं गेलं असेल तर वाचा. वागणं बदललं असेल तर मानसिक आजार, नाहीतर दीर्घकालीन चेताविकार. हात गेला तर तो दिसतो आणि दिव्यांगत्वाचे टक्के पडतात. कपाळामागचा भाग चेंगरला तर काय दिसणार?

एका वायरमनचं बघा. बोर्डापुढे डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करता?"

"वायरमन."

"जमतं का?"

"हो, जमतं की."

दोन्ही उत्तरं त्याने इतकी छान दिली की डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अपघातानंतर त्याने एकदाही पक्कड हातात धरली नव्हती, आणि हे त्याला खरंच माहीत नव्हतं. आपल्याला काय झालंय हे न कळणं हाच या दुखापतीचा एक भाग असतो. बायको मधे बोलायला गेली तर, "ताई, त्यांना बोलू द्या."

म्हणून आम्ही वही ठेवायला सांगतो. शंभर पानी, शाळेची असते तशी. त्या ताईंच्या वहीतलं एक पान असं होतं: सकाळी दूध आणायला गेले, दूध नाही आणलं, दुसऱ्याची चप्पल घालून आले. दुपारी गॅस चालू ठेवून झोपले. संध्याकाळी मुलीने टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून रिमोट फेकला, नंतर रडले. आंघोळीला तीनदा सांगावं लागलं. पाहणाऱ्याला हे रडगाणं वाटेल. पण मानसिक दिव्यांगत्व मोजायची जी 'आयडियाज' नावाची पट्टी आहे, तिच्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, काम. प्रत्येकाला 0 ते 4 गुण, वर आजार किती काळ आहे त्याचे. वहीतली एकेक ओळ यांपैकी कुठेतरी जाऊन बसते. पुढच्या वेळी डॉक्टरांनी वही उलटी करून शेवटून वाचली, आणि मग पहिल्यांदा ताईंकडे बघून प्रश्न विचारला.

40 टक्क्यांचं युडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड मिळालं की तहसील. तिथे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करायचा. लोक त्याला नुसतं 'संजय गांधीचे पैसे' म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशन कार्ड, आधार जोडलेलं खातं. हे सेतू केंद्रात होऊन जातं. अडतं ते बँकेत. मेंदूला मार लागल्यावर सही बदलते. वळण तेच असतं, पण अक्षरं एकमेकांवर चढतात, आणि काउंटरवरचा माणूस जुन्या सहीशी ताडून फॉर्म परत करतो. अंगठा आणि साक्षीदार हा मार्ग आहे. तो स्वतःहून सांगणारा कर्मचारी भेटला तर नशीब.

दरमहा दीड हजार होते, 2025 मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार झाले. वाढ चांगलीच आहे. पण घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या पाच-सहा खेपांत अडीच हजार संपतात. विमा बघावा तर केंद्राच्या 'निरामय' आरोग्य विम्याचं एक लाखाचं कवच ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपुरतंच आहे.

आमच्यासारख्या संस्थेला अनुदान मिळवायचं तर अडचण आणखी वेगळी. केंद्राच्या दीनदयाळ पुनर्वसन योजनेत खर्चाचा मोठा वाटा सरकार देतं, पण प्रकल्पांचे प्रकार ठरलेले आहेत: विशेष शाळा, सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्तांचं पुनर्वसन, मानसिक आजारातून सावरलेल्यांचं हाफवे होम, घरपोच पुनर्वसन. आमच्या दिवसभराच्या केंद्रात येणारा वायरमन यांपैकी कशात बसवायचा? घरपोच म्हणावं तर तो घरी नको म्हणूनच केंद्र काढलं. संस्था शेवटी जवळचा प्रकार निवडून अर्ज भरते, आणि तपासणीला आलेले साहेब म्हणतात, ही माणसं या प्रकारातली वाटत नाहीत. साहेबांचंही चूक नाही.

अमेरिकेत मेंदूच्या दुखापतींसाठी 1996 साली स्वतंत्र कायदा झाला, त्यातून राज्यांना अनुदान जातं. बऱ्याच राज्यांत वाहतुकीच्या दंडातला काही भाग मेंदूच्या दुखापतीच्या निधीत जमा होतो. हे मला फार पटतं. विनाहेल्मेट चलनाचे पैसे ज्यांची डोकी फुटली त्यांच्याच पुनर्वसनाला लागावेत. आपल्या राज्यात डिसेंबर 2022 पासून दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग आहे. असं लेखाशीर्ष उघडायला त्यांना कुणी अडवलेलं नाही.

तोवर, तुमच्या घरात असं कुणी असेल तर डिस्चार्जच्या दिवसापासून वही लिहा. डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅनची फिल्म जपून ठेवा. गाडीचा अपघात असेल तर एफआयआरची प्रत घ्या आणि वकिलाला लगेच भेटा: अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला कायद्याने सहा महिने दिले आहेत, आणि पेशंट शुद्धीवर येईपर्यंतच त्यातले कितीतरी दिवस निघून जातात.