नामनिर्देशन आणि वारसाहक्क

बँकेतील ठेव, समभाग किंवा म्युच्युअल फंड यांच्या अर्जात ज्या व्यक्तीचे नामनिर्देशन केलेले असते, तीच खातेदाराच्या मृत्यूनंतर त्या रकमेची मालक होते, असा समज सर्रास आढळतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती सामान्यतः केवळ विश्वस्त असते, म्हणजे संस्थेकडून रक्कम स्वीकारून ती खऱ्या वारसांच्या स्वाधीन करणे हे तिचे कर्तव्य ठरते. हे वारस मृत्युपत्रानुसार, आणि मृत्युपत्र नसल्यास संबंधित उत्तराधिकार कायद्यानुसार ठरतात. उदाहरणार्थ, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा समावेश पहिल्या वर्गाच्या वारसांत होतो. समभागांनाही हेच तत्त्व लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. आयुर्विमा मात्र अपवाद आहे, कारण २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमेदाराने आईवडील, जोडीदार किंवा अपत्ये यांना नामनिर्देशित केले असल्यास विम्याच्या रकमेवर सामान्यतः त्यांचाच लाभाधिकार राहतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येत असले, तरी त्यामुळे मृत्युपत्राची गरज संपत नाही. म्हणून नामनिर्देशन अद्ययावत ठेवावे आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्यांसह मृत्युपत्रही करून ठेवावे.